डावीकडून तिसरी गॅलरी

वाळूवर उभं राहून दोघं वर बघत होती. समुद्राकाठच्या जुन्या इस्पितळाच्या बाहेरच्या भिंती तशाच ठेवल्या होत्या. आत आलिशान फ्लॅट झाले होते. सहाव्या मजल्यावरचा नमुन्याचा फ्लॅट आजच्या दिवस सगळ्यांना खुला होता.

"आई डावीकडून तिसऱ्या गॅलरीत असायची," नोएलीन म्हणाली.

"चौथ्या."

"तू दोन वर्षांचा होतास, डेस. वाळू खात बसायचास."

लहान मुलांना तेव्हा वॉर्डात सोडत नसत. दर रविवारी बाबा दोघांना इथे आणून उभं करत आणि वरून, कठड्याशी ओढलेल्या पलंगावरून, आई हात हलवी. ती घरी परत आली नाही. डेसला तिचा चेहरा आठवत नव्हता. हलणारा हात तेवढा आठवत होता.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मला तर ते दारातूनच परत पाठवतील. मी थांबतो इथे."

"इतक्या लांब येऊन?"

"कुणीतरी खाली उभं राहायला हवं ना. मी तिला दिसत असेन का, एवढं बघ फक्त."

वर विक्रीवाल्या मुलीने काचेचं दार सरकवलं. "या ना, गॅलरीत या. हिवाळ्यात इथून देवमासे दिसतात."

नोएलीन कठड्याशी गेली. खाली छत्र्या, टॉवेल, माणसं. तिने निळा शर्ट शोधला. तीन सापडले. चेहरा एकाचाही कळेना. चष्मा पुसून तिने पुन्हा पाहिलं. तिसरी गॅलरी असो की चौथी, काही फरक पडला नसता.

फोन वाजला.

"दिसतोय मी?" डेसने विचारलं. मग तो हलकेच म्हणाला, "नसेन दिसत तर तसं सांग."

"न दिसायला काय झालं?" नोएलीन म्हणाली. "शर्टाचं वरचं बटण लाव आधी. असा उघड्या गळ्याने उभा राहिलेला आईला चालला असता का?"



खूप खाली, पाण्याच्या कडेला, एका इवल्या माणसाचा हात गळ्याशी गेला.