कांद्याचं सूप

"गोरख, ह्ये काय हाय?"

"सूप हाय, आण्णा. कांद्याचं."

गोरखचे वडील, चांगदेवआण्णा, वाडग्यावर वाकले. वर चीजचा जाड थर, त्याखाली भिजून फुगलेला पाव आणि तळाशी तपकिरी रश्शात लांब चिरलेला कांदा. अवसरी बुद्रुकच्या रानात जन्मभर कांदा काढलेल्या माणसाला तो ओळखू आला, पण तो एवढ्या पांघरुणाखाली कशाला घातलाय, ते काही कळेना.

पुण्याच्या त्या गल्लीत इतक्या रात्री एवढंच हॉटेल उघडं होतं. फ्रेंच पद्धतीचं, छोटंसं. काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेली न वाचता येणारी नावं, टेबलांवर मेणबत्त्या, हळू आवाजात चाललेलं कुठलंसं गाणं. रस्त्याच्या पलीकडे दवाखाना. तिथल्या वॉर्डात गोरखची आई, ठकूबाई, थोड्या वेळापूर्वी वारली होती. डॉक्टरांनी गोरखला जिन्यात गाठून सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या आण्णांना त्यानं सांगितलं नव्हतं.

खाणं होईपर्यंत सांगायचंही नव्हतं. आण्णांना शुगर. संध्याकाळी इंजेक्शन घेतलेलं आणि त्यावर पोटात अन्नाचा कण नाही. हात कापायला लागले होते. एकदा कळलं, की आईला अग्नी देईपर्यंत ते कशाला शिवणार नाहीत. त्यांच्या घरात तोवर चूलही पेटत नाही. आई ताब्यात मिळणार पहाटे, मुंबईची माणसं गावात पोचणार दुपारी. तेवढा वेळ हा माणूस उपाशी काढायचा नाही, हे गोरखला स्वच्छ दिसत होतं. बाकी काहीच दिसत नव्हतं. रडू येत नव्हतं. आपल्याला रडू येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

"आई झोपलीय," तो म्हणाला. "सिस्टर हायेत तिथं."

"हं," आण्णा म्हणाले.

त्यांनी चमचा घातला तर चीजची तार वाडग्यापासून मिशीपर्यंत लोंबली. गोरखनं कागदी रुमाल पुढे केला. मग आण्णांनी चमचा बाजूला ठेवला, टोपलीतला पाव घेतला आणि कालवणात भाकरी कुस्करावी तसा वाडग्यात कुस्करला. पलीकडच्या टेबलावरची मुलगी बघून हसली. गोरखला एरवी लाज वाटली असती.

वेटर आला. "अंकल, ठीक है?"

"झ्याक हाय. कांदा जरा करपलाय."

"अंकल, वो ऐसाच बनता है."

"आसंल," आण्णा म्हणाले आणि पुन्हा खाऊ लागले. सावकाश, घासामागून घास. जेवण म्हणून नव्हे, काम म्हणून. खिशात मोबाइल थरथरला. मामाचा असणार. गोरखनं तो न बघताच बंद केला.

वाडगं रिकामं झालं. आण्णांनी बोटं पुसली, टोपी सारखी केली. हात आता कापत नव्हते. म्हणजे आता सांगायला हवं होतं. गोरखनं मनात जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आणलं, तेवढ्यात आण्णांनी वेटरला हाक मारली.

"ओ पावणं, आजून येक आना. ह्याला."

"मला नको, आण्णा. भूक नाय."

"भूक कुनाला हाय? खाऊन घे. उद्या तुला कुनी घास घिऊ देनार न्हाई."

गोरखनं झटकन वर बघितलं.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे?" आण्णांनी पावाची टोपली त्याच्यापुढे सरकवली. "ती आसती, तर आपल्यातला येक जन तिच्यापाशी बसला आसता."