लढाईचा पोशाख

पुण्याहून आलेल्या अनुपमानं शनिवारी मामीला शिरूरला सिनेमा दाखवला. अंतराळातलं युद्ध, राक्षसांची फौज आणि एकटी लढणारी नायिका. मामीला एकच गोष्ट खटकली.

"एवढी लढाईला निघाली, आन् गळा उघडाच?"

"मामी, सिनेमा आहे तो," अनुपमा हसली.

रविवारी सकाळी ती फिरायला निघाली, तेव्हा मामीनं खुंटीवरचा टोकदार खिळ्यांचा पट्टा काढून तिच्या गळ्यात बांधला.

"वाट उसातनं हाय. बिबट्या मागनं येतो आन् गळाच धरतो."

आरशात बघून अनुपमाला हसू आवरेना. "आता मीच नायिका."

"व्हय. चल तू म्होरं, मी हाय मागं."

ऊस सुरू झाला तशी अनुपमा सहज मागं वळली. मामीचा गळा उघडाच होता.