मुहूर्ताआधीचा नांगर

चाबूक पाठीवर बसला आणि वत्सलेच्या अंगावर पीत असलेलं पोर दचकून सुटलं. तिने पदराने त्याचा कान झाकला. खाली अंगणात कारभारी जानकीराम मोठ्याने आकडा म्हणाला. खळ्यावर भाताची मापं मोजताना म्हणतो तसाच.

अय्याकण्णूला नारळाच्या झाडाला बांधलं होतं. तोंड झाडाकडे, हात खोडाभोवती. गडी याच घरचा. त्याचा बापही याच घरचा होता, आणि तंजावरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं त्याच्याही आधीपासून त्याच्या घरचे इथेच राबत आलेले. गुन्हा एवढाच, की मोठ्या घरचा नांगर निघण्याआधी त्याने स्वतःच्या पोटापुरत्या तुकड्यात नांगर घातला होता. साक्कोट्टैच्या शिवारात असं कधी कुणी केलं नव्हतं. चित्रै या तमिळ वर्षाच्या पहिल्या महिन्यात पंचांग बघून दिवस धरायचा, जमिनीचा मालक असलेल्या मिरासदाराच्या बैलांना माळा घालायच्या, पुढे नादस्वरम वाजायचं. त्या बैलांनी पहिलं तास घातलं की मग बाकीच्यांनी.

"कुणी मुहूर्त काढून दिला रे तुला?" सासरे नरसिंहराव ओसरीवरच्या झोपाळ्यावरून विचारत होते. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "कुंभकोणात नवा जोशी आला की काय?"

जमलेली माणसं हसली, कारण हसणं भाग होतं. चाबूक धरलेल्या राखणदाराने पुन्हा हात उचलला.

मुहूर्त काढून देणारी वर माडीच्या खिडकीत उभी होती.

गेल्या आठवड्यात वळवाची एकच जोरकस सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सला मागल्या दारी पोराला तेल लावत बसली होती. अय्याकण्णू लांब उभा राहून गुरांच्या डोणीत पाणी ओतत होता. जमीन छान भिजलीय, अम्मा, एवढंच तो म्हणाला. मद्रासच्या कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र घेतलं होतं आणि लग्न झाल्यापासून त्यातलं एक अक्षर तिला कुणी विचारलं नव्हतं. ती भरभरून बोलली. ही ओल टिकणार नाही, आत्ताच माती उलथून घ्यावी, कीड उन्हात मरते, गवत मुळासकट जळतं, पुढे रोपं जोर धरतात. मोठ्या घरचा नांगर निघाल्याशिवाय कसं, असं तो म्हणाला. तेव्हा ती हसली होती. जमीन काय पंचांग बघते?

पाठीची कातडी आता फुटली होती. रक्त कमरेच्या फडक्यापर्यंत उतरलं होतं आणि त्यावर माशा बसायला लागल्या होत्या. फाटकाबाहेर त्याची बायको तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती. रडायचं नाही असं तिला कारभाऱ्याने बजावलं होतं. पोलिसांत जायचा प्रश्नच नव्हता. फौजदार महिन्यातून एकदा याच ओसरीवर जेवून जाई. वत्सलेचा नवरा, सुंदर, झोपाळ्यामागे उभा राहून स्वतःची नखं बघत होता.

सासूबाई अंबुजाबाई वर आल्या आणि त्यांनी खिडकीची एक फळी लोटली. सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांनी निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मनांत आलें असेल तें मनांतच ठेव. थोरल्या सुनेनें एकदां तोंड वर केलेलें. ती माहेरीं गेली. पोर इथें राहिलें."

वत्सलेने बाळाला आणखी जवळ धरलं. त्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं. तिथे ती फुंकर घालत राहिली, आणि कान मात्र खालीच.

अय्याकण्णूची मान लटकली. जानकीरामने आकडा थांबवला. कुणीतरी घागरभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, तसा तो हलला.

"नाव सांग," नरसिंहराव म्हणाले. "सांगितलंस की सोडतो."

त्याने मान हलवली. नाही.

चाबूक पुन्हा वर गेला तेव्हा वत्सला जिन्यात होती. पोर कडेवर, डोक्यावरचा पदर घसरलेला. अंगणातली माती पायांना चटके देत होती. घरची सून भर दिवसा पुरुषांत येते आहे हे कुणाला समजेपर्यंत ती झाडापाशी पोचली होती. राखणदाराचा हात वरच राहिला.

"मामंजी, सोडा त्याला. मीं सांगितलें. नांगर घाल म्हणून मीं सांगितलें त्याला."

इतका वेळ ज्याच्या तोंडून हुंदका निघाला नव्हता तो अय्याकण्णू आता ओरडला. खोडावर कपाळ आपटत ओरडला, की अम्मा खोटं बोलतायत, मला कुणी सांगितलं नाही, मीच, मीच.

नरसिंहराव झोपाळ्यावरून उतरले. चालत तिच्यासमोर आले. त्यांनी हात उचलला तशी तिने पोराला छातीशी दाबून पाठ फिरवली. पण त्यांनी फक्त आपलं उपरणं बाळाच्या डोक्यावर घातलं.

"ऊन फार आहे, बाई," ते मऊपणे म्हणाले. "पोराला बाधेल. तूं आंत जा. ताक पी थोडें."

रागाचा एक शब्द नाही. सुंदर पुढे आला आणि तिच्या कोपराला धरून तिला ओसरीकडे नेऊ लागला. बाळ तिच्याच हातात होतं, कुणी काढून घेतलं नव्हतं. संपलं, तिला वाटलं.

पायरीवर तिचं पाऊल पडलं आणि मागे सासऱ्यांचा आवाज आला. तितकाच शांत, पण आता घरातली मराठी सोडून पुन्हा गड्यांशी बोलायच्या तमिळमध्ये.

"आत्तापर्यंतचे नांगराबद्दल झाले. आता माझ्या सुनेला चार माणसांत आणलं त्याबद्दल. जानकीरामा, पहिल्यापासून मोज."