माणशी दोन

बाबांच्या फिटच्या गोळ्या संपल्या होत्या आणि बाजारात त्यांचा तुटवडा होता. एक वेळ चुकली तरी झटका यायची भीती, म्हणून दादा, वहिनी, आत्या आणि मी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये घेऊन चार दिशांना पांगलो. शेवटी एका दुकानात एकच स्ट्रिप उरल्याचं कळलं आणि सगळे तिथेच धावलो.

दुकानदारकाकांनी समोरची माणसं मोजली, प्रत्येकाच्या चिठ्ठीवरचं औषधाचं नाव तेवढं पाहिलं आणि कात्री घेऊन, प्रसाद वाटावा तशी ती स्ट्रिप कापली.

"माणशी दोन. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

आम्ही एकमेकांना ओळखच दाखवली नाही.

घरी आल्यावर आत्याने पर्समधून आपला तुकडा काढला. "हा तुझा दादा मला म्हणतो, 'मावशी, जरा सरका!' सख्ख्या आत्याला!"

कितीतरी दिवसांनी आई हसली. देवापुढे हात जोडून म्हणाली, "पावलास रे बाबा."

दादा टेबलावर तुकडे कडेला कड लावून जुळवत होता. स्ट्रिप जवळजवळ अख्खी झाली, फक्त एक कोपरा राहिला.

"एवढ्या दोन कुणाला गेल्या गं?" त्याने वहिनीला विचारलं.



वहिनीने मान खाली घातली. "माझ्या मागे एक आजी होत्या. दोन मिळाल्या तर काकांना किती आशीर्वाद देत होत्या... एकट्याच आल्या होत्या."