भाऊसाहेबांच्या मांडवातलं बारसं

माझ्या लेकीच्या बारशाला हजारभर माणसं जेवत होती आणि त्यातला एकही माझा पाहुणा नव्हता. मतदान तोंडावर आलेलं. नवरा उमेदवार भाऊसाहेबांचा ड्रायव्हर, म्हणून मला नटवून मांडवात पाळण्याशी बसवलेलं.

निवडणूक खर्च तपासणारे साहेब कॅमेरावाल्याला घेऊन आत आले.

"हे प्रचाराचं जेवण नाही, साहेब," भाऊसाहेब हसत म्हणाले. "आमच्या ड्रायव्हरच्या बाळाचं बारसं आहे."

"नाव काय ठेवलंत?"

"युवराज!" भाऊसाहेबांनी झोका दिला. "मीच सुचवलं."

साहेबांनी मान डोलावली आणि तसंच लिहायला घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा लांबून हात जोडत होता, गप्प बस म्हणत होता.

"साहेब, ही मुलगी आहे!" मी ओरडलेच. "ओवी नाव हिचं. बारसं गेल्याच महिन्यात झालं, घरातल्या घरात, घुगऱ्या वाटून. आणि बारशाला मटण कोण शिजवतं हो?"

साहेबांचं पेन थांबलं. कॅमेरा माझ्याकडे वळला.

मी लेकीला उचलून खांद्यावर घेतलं.

"हा घ्या, पाळणा रिकामा झाला. आता या पंगती कुणाच्या, ते लिहा."