एकही टक्कर नाही

पुष्पगुच्छ हवालदाराच्या हातात कोंबून साहेब माइककडे वळले. "तीन वर्षं! पाचशे हात, आणि एकही टक्कर नाही!"

हवालदार म्हणजे संस्थेचा प्रोग्रामर. दुर्बिणीच्या पोटात ताटाएवढ्या तबकडीवर बोटाएवढे यांत्रिक हात दाटीवाटीने बसवले होते. प्रत्येकाने टोकाची काचेची तार आपापल्या ताऱ्याच्या जागी न्यायची आणि त्याचा प्रकाश टिपायचा. वाटेत शेजाऱ्याला कोपर लागलं की दोघंही कामातून गेले. कोणी निघायचं, कोणी थांबायचं, हे याचा प्रोग्राम ठरवायचा. म्हणून हवालदार.

मग साहेबांनी आवाज खाली आणला. मागच्या रांगेत एक संशोधिका बसली होती. तबकडीच्या मधल्या भागातले तारे तिने निवडलेले. त्यातल्या निम्म्यांकडून प्रकाशाचा कणही आला नव्हता. हात तर पोहोचले होते. पडद्यावर प्रत्येक हाताचा ठिपका हिरवा, पोहोचल्याची खूण. म्हणजे तिने मोजलेल्या जागाच चुकलेल्या. सोमवारपासून तिचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. हे साहेबांनी अतिशय हळुवारपणे, माइक बंद न करता सांगितलं.

चहाच्या वेळी ती हवालदाराजवळ आली. स्वतःच्या वाटणीचं बिस्किट तिने त्याच्या बशीत ठेवलं.

"सॉरी हं. तुमच्या हातांना माझ्यामुळे उगाच हेलपाटे पडले."

हवालदाराचे कान तापले. बिस्किटाकडे बघत तो पुटपुटला, "तुमचे तारे बरोबर होते. मध्ये फार गर्दी. वाट सापडली नाही की माझा प्रोग्राम हाताला आहे तिथेच थांबवतो. पण लाल ठिपका दिसला की साहेब भडकतात. म्हणून तिथेही हिरवाच लावायची सोय केली होती. तात्पुरती. हात हललेच नाहीत हो."

शेवटचं वाक्य मागून आलेल्या साहेबांच्या कानावर पडलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंत का मंडळी? म्हणतो, हात हललेच नाहीत! उद्या म्हणेल, प्रोग्रामच लिहिला नाही! किती तो विनय!"

हशा झाला. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. ती हसली नाही. कप हातात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. आता त्याने तेच वाक्य फक्त एकदा, जरा मोठ्याने म्हणायचं होतं.

टाळ्या थांबल्या. हवालदाराने घसा साफ केला.

"श्रेय सगळं टीमचं," तो म्हणाला.