एकही भोक न पाडता

जमिनीला एकही भोक न पाडता खाण कंपनीच्या संगणकातल्या मॉडेलने सांगितलं, कोसमटोल्याखाली लोखंड आहे. महिन्याभरात गाव उठवलं गेलं. मग कंपनीच्या भूवैज्ञानिक रेवती पुंगाटीने हट्टाने तिथे एक बोअर घेतलं. दोनशे मीटरपर्यंत नुसता काळा दगड निघाला. त्याचे तुकडे तिने साहेबांच्या टेबलावर ओतले.

“यात लोखंड कुठंय?”

“मॉडेल कालच सुधारलंय, मॅडम. साठा आता शेजारच्या हेटी गावाखाली दाखवतंय. तिथल्या नोटिसाही निघाल्या.”

“आणि कोसमटोल्याची माणसं?”

“तो विषय आपल्या खात्याचा नाही.”

रेवती तडक हेटीच्या ग्रामसभेत गेली आणि बोअरचा अहवाल तिने मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवशी हेटीत नोटीस कुणीच घेतली नाही.